कोपी, खोली आणि साथ



आज १० मार्च. १८९७ साली याच दिवशी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांच्या स्मृतिदिनी बोलायला तुम्ही मला बोलावलेत, तेव्हा विषय निवडावा लागलाच नाही.

पुण्यात प्लेग शिरला तेव्हा सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. डॉक्टर असलेल्या यशवंतरावांना, आपल्या दत्तकपुत्राला, त्यांनी बोलावून घेतले आणि हडपसरच्या बाजूला उघड्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन या दवाखान्यात आणला, ही हकीगत आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या सेवेतच त्यांना लागण झाली. पुढे १९०५ साली यशवंतरावही प्लेगच्या रुग्णसेवेतच गेले. ही गोष्ट आपण त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण एक वैद्यकीय प्रश्न मला त्यात नेहमी दिसतो. त्या मुलाला पाठीवर का आणावे लागले? १८९७ च्या मार्चमध्ये, सावित्रीबाई गेल्या त्याच सुमारास, पुण्यात रँडसाहेबांची प्लेग कमिटी कामाला लागली. रोगी हुडकण्यासाठी गोरे शिपाई घरात, देवघरापर्यंत शिरू लागले. रोगी शोधून बाहेर काढणारी यंत्रणा दारापर्यंत पोचली. औषधपाणी आणि माया घेऊन मात्र एका वृद्ध बाईला गावकुसाबाहेरच्या वस्तीत चालत जावे लागले.

साथींचा विचार करताना आपण शहर आणि खेडे असे दोन कप्पे पाडतो. शहराची अडचण गर्दी, खेड्याची अडचण डॉक्टर नाही, अशी ती विभागणी असते. मला आज एवढेच मांडायचे आहे की या दोन्ही ठिकाणी राहणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. वर्षातले काही महिने तो दाटीत राहतो आणि उरलेले गावी. साथ त्याच्याबरोबर जाते-येते, कारण काम त्याला नेते आणि आणते. आणि नेमका हा ये-जा करणारा माणूस आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या कोणत्याच यादीत धड बसत नाही.

मुंबईपासून सुरुवात करू. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची वखारवस्ती. खाली पोती, वर माणसे, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत उंदीर. साथ हाँगकाँगकडून जहाजांतून आली असे मानले जाते. पण जहाजातून उतरलेल्या उंदराला मांडवीइतके सोयीचे घर दुसरीकडे मिळाले नसते. रोग पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवले ते १८९८ साली, आणि तेही सर्वांना पटायला पुढे आणखी काही वर्षे गेली. तोवर सरकार गटारे धूत होते, भिंतींना चुना फासत होते, घरांची कौले काढून ऊन आत सोडत होते. घराला हादरा बसला की उंदीर शेजारच्या घरात पळायचे, आणि त्यांच्याबरोबर रोगही पुढच्या घरात जायचा.

माणसे काय करत होती? ती गावी निघाली. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती शहर सोडून गेली होती. रत्नागिरीकडे जाणाऱ्या बोटी, घाटावर जाणाऱ्या गाड्या भरभरून चालल्या. स्टेशनांवर डॉक्टर उतारूंच्या काखा आणि जांघा तपासत होते. गिरण्या ओस पडू लागल्या तेव्हा मालकांनी रोजच्या रोज मजुरी देऊन कामगार धरून ठेवायचा प्रयत्न केला. एरवी त्याच कामगाराचा पगार महिना उलटून गेला तरी हातात पडत नसे. १८९१ च्या जनगणनेत मुंबईत ८,२१,७६४ माणसे होती, १९०१ मध्ये ७,७६,००६ उरली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटली, आणि साथ दख्खनच्या गावागावांत जाऊन बसली. १८९६ नंतरच्या पन्नासेक वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे मेली. त्यांतली फार मोठी संख्या खेड्यांतली होती.

या खेड्यांनी काय केले, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. घरात उंदीर पडू लागले की गाव उठायचे. माळावर, शेतात, कुडाच्या झोपड्या घालून दोन-तीन महिने राहायचे, उन्हाळा तापला की परतायचे. पिसवा, जंतू यांचे ज्ञान कोणाला नव्हते, पण उंदीर मेला की माणसाची पाळी येते हे सगळ्यांनी पाहिले होते. उंदीर मेल्यावर उपाशी पिसवा माणसाकडे वळतात, हे शास्त्र नंतर आले. सरकारी डॉक्टरांनाही अनुभवाने मान्य करावे लागले की घर सोडणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय. शिवारात जागा असेल, झोपडीपुरते लाकूड आणि तट्ट्या असतील, दोन महिन्यांचे धान्य असेल, तर खेडे स्वतःला वाचवू शकत होते. चाळीतला माणूस कुठे जाणार? त्याला माळ नव्हता. त्याला एकच मोकळी जागा होती, ती म्हणजे गाव. म्हणून तो पळाला. या पळण्याला तेव्हाच्या कागदपत्रांत अडाणी लोकांची घबराट म्हटलेले दिसते. २०२० च्या कोविड टाळेबंदीत गावी निघालेल्यांनाही आपण तेच म्हटले. माझे मत उलटे आहे. राहत्या जागेत स्वतःला वाचवता येत नाही, हे त्या माणसांना अधिकाऱ्यांपेक्षा लवकर कळले होते.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाची गोष्ट आणखी कठोर आहे. आपल्या आजी-पणजीच्या तोंडी ती मानमोडी. जूनमध्ये मुंबई बंदरात ती आली, सप्टेंबरात फिरून आली ती मारक होऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मेली. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महाग झाले होते, आणि रेल्वेने आजारी माणसे गावोगाव पोचत होती. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक बळी गेले, तेही मुख्यतः काही आठवड्यांत. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या घटली. जनगणनेच्या इतिहासात असे एकच दशक आहे. पण मला ज्या आकड्यांनी झोप लागू दिली नाही ते वेगळे आहेत. मुंबई शहरात त्या साथीत दर हजारी युरोपियन ८.३ मेले, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, आणि ज्यांना तेव्हाच्या नोंदींत खालच्या जातीचे हिंदू म्हटले आहे, ते ६१.६. विषाणू तोच, शहर तेच, महिना तोच. विषाणूला जात ओळखता येत नाही, पण एका खोलीत किती माणसे झोपतात, आजारी पडल्यावर कोण रजा घेऊ शकतो, पेज करून द्यायला घरात कोण उभे आहे, हे जातीने ठरवले होते. १९११ च्या जनगणनेनुसार मुंबईतली शेकडा ६९ माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती.

खोलीचा प्रश्न तेव्हा कोणाला कळलाच नव्हता असे नाही. प्लेगनंतर १८९८ साली मुंबई सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. जितक्या माणसांना हलवले तितक्यांना घरे दिली नाहीत, म्हणून शेजारच्या चाळींत गर्दी आणखी वाढली. ही चूक गंभीर होती. पण त्याच ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका साध्या नियमाचा आग्रह धरला, तो साडेत्रेसष्ट अंशांचा. समोरच्या इमारतीचा माथा तळमजल्याच्या खिडकीपासून याहून चढ्या कोनात दिसता कामा नये. सोप्या भाषेत, दोन इमारतींमधले अंतर इमारतीच्या उंचीच्या निम्मे तरी हवे. इतके असले तर तळाच्या खोलीत उजेड आणि वारा येतो.

आता शंभर वर्षे पुढे या. गोवंडी-मानखुर्द भागात रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत उठवलेल्या झोपडपट्टीवासीयांसाठी सात-सात मजली इमारती बांधल्या गेल्या. त्यांतल्या काही वसाहतींत दोन इमारतींमध्ये तीन मीटरांचे अंतर आहे. ऑर यांच्या नियमाने ते दहा मीटर भरले असते. खालच्या मजल्यांवर दिवसा दिवे लावावे लागतात, खिडकी उघडली तर समोरच्या खिडकीतून टाकलेला कचरा दिसतो, म्हणून ती बंदच असते. डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासात या कोंडलेल्या इमारतींत क्षयरोग जास्त आढळला, आणि जिथे इमारती सुट्या-सुट्या आहेत तिथे कमी. क्षयाचा जंतू बंद खोलीच्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतो. हवा खेळती असेल तर तो विरून जातो. सहा महिन्यांचा औषधोपचार आपण फुकट देतो, ते उत्तमच आहे, पण बरा झालेला माणूस त्याच खोलीत परत जातो. एक गोष्ट लक्षात घ्या, हे लोक झोपडीत राहत नव्हते. त्यांना शासनाने पक्के घर दिले होते. इंग्रज अधिकाऱ्याने नोकर-कामगारांच्या चाळीसाठी जे अंतर किमान मानले, ते स्वतंत्र महाराष्ट्रात नियम शिथिल करून काढून घेतले गेले. याला माझ्याकडे सौम्य शब्द नाही.

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्तातली प्रतिपिंडे तपासली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना कोविड होऊन गेलेला आढळला, इमारतींत राहणाऱ्यांत १६ टक्के. त्याच विभागांत, त्याच महिन्यांत. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिलला सापडला होता. तिथे पुढे जे झाले त्यातून शिकण्यासारखे आहे. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी आणि वस्तीतल्या खासगी डॉक्टरांनी दारोदार जाऊन ताप तपासला, सार्वजनिक संडास दिवसातून अनेकदा धुतले, आणि ‘घरीच वेगळे राहा’ हा सल्ला सोडून रुग्णांना शाळा-सभागृहांत ठेवले. जेवण दिले, औषध दिले. वेगळे राहायला घरात कोपरा नाही, हे वास्तव धरून उपाय केला. १८९७ मध्ये माणसांनी शिपायांना चुकवले होते, या कर्मचाऱ्यांना चुकवले नाही.

आता मी मराठवाड्याकडे येते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्यानंतर लातूर-उस्मानाबादच नव्हे, आजूबाजूच्या जिल्ह्यांतही लोक महिनोन्‌महिने घरात झोपायला धजत नव्हते. धान्य मात्र घरातच होते. माणूस बाहेर आणि कणगी आत, अशा घरात उंदीर माजतात. बीड जिल्ह्यातल्या मामला या लहानशा गावात १९९४ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला पिसवांचा उपद्रव सुरू झाला, महिन्याच्या अखेरीला गाठी आलेले रुग्ण दिसले. देशात प्लेगचा आधीचा सिद्ध झालेला रुग्ण १९६६ सालचा होता. अठ्ठावीस वर्षे रोग दिसला नाही, म्हणून उंदीर-पिसवांवर नजर ठेवणारी पथके आपण आक्रसत नेली होती. पिसवा वाढल्या त्याचा अर्थ वाचणारे कोणी जागेवर उरले नव्हते.

महिन्याभरात सुरत. सप्टेंबरात तापीला पूर आला, सखल वस्त्यांत पाणी आणि मेलेली जनावरे साचली, आणि १९-२० सप्टेंबरच्या सुमारास वेड रोडच्या बाजूला फुप्फुसांच्या प्लेगचे रुग्ण दवाखान्यात येऊ लागले. मामल्याचा रोग सुरतेला गेला असे सिद्ध झालेले नाही, आणि मी तसे म्हणणार नाही. पण वेड रोडवर राहत कोण होते? यंत्रमागावर पाळ्या करणारे कामगार, त्यांत खानदेशातून गेलेली पुष्कळ मराठी माणसे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी. दिवसपाळीचा उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीचा. काही दिवसांत लाखो माणसांनी सुरत सोडली. खासगी दवाखाने बंद झाले, टेट्रासायक्लिन मिळेना. देशभर मिळून मृत्यू ५६ नोंदले गेले. उपचार असलेल्या रोगात ही संख्या १८९७ च्या मानाने किरकोळ वाटेल. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. १९९५ मध्ये एस. आर. राव सुरतेचे पालिका आयुक्त म्हणून आले आणि वर्ष-दीड वर्षात ते शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. कारण जगातल्या देशांनी विमाने थांबवली होती, निर्यात अडकली होती. मामल्यावर कोणाची निर्यात अवलंबून नव्हती. तिथे पथके आली, फवारणी झाली, गोळ्या वाटल्या, आणि वर्तमानपत्रांतून गाव नाहीसे झाले.

त्याच बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे कारखाना असेल तिथे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची, म्हणून तान्हे मूलही बरोबर. कारखान्याजवळच्या रानात कोप्या पडतात. बांबूच्या कमानी, वर पाचट नाहीतर ताडपत्री, आत शिरायचे तर वाकून. एका रांगेत शंभर-दीडशे कोप्या, मधल्या बोळात बैल आणि चूल. पाणी कुठल्यातरी टाकीचे किंवा विहिरीचे, संडास बहुतेक ठिकाणी नाहीच. पहाटे तीनला बाया फडात जातात आणि सात वर्षांची मुलगी कोपीत धाकट्याला सांभाळते. खेड्याच्या मधोमध उभी राहिलेली ही चाळ आहे. मोकळ्या शिवारातही माणसे इतकी दाट राहू शकतात, हे आरोग्याच्या नियोजनात गृहीतच धरलेले नाही.

आपली व्यवस्था अशी आहे. सपाट भागात पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, साधारण हजार लोकांमागे एक आशाताई. आराखडा चांगला आहे आणि आशाताई तो जीव ओतून राबवतात. पण हे सगळे हिशेब कायम राहणाऱ्या वस्तीचे. गावाकडच्या आशाताईच्या वहीत त्या बाळापुढे ‘बाहेरगावी’ असे लिहिलेले असते. कारखान्याच्या गावातल्या आशाताईकडे तिची स्वतःची हजार माणसे असतात. कोपीतली पाचशे तिच्या वहीत नाहीत. दोघींचीही चूक नाही.

गोवराचे उदाहरण घ्या. लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. फेब्रुवारीत जन्मलेल्या बाळाचे नऊ महिने नोव्हेंबरात भरतात. त्या वेळी ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघालेले असते. हिवाळा-वसंत हाच गोवराचा काळ, आणि तोच त्याचा कोपीतला मुक्काम. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो, आणि रुग्ण उठून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहतो. शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन डोस मिळाले तरच साथ थांबते. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत, मग मालेगाव-भिवंडीत गोवर उसळला, मुले दगावली. कोविडच्या दोन वर्षांत जे डोस हुकले त्यांची ती किंमत होती. बातम्यांत लोकांच्या अज्ञानावर भर होता. थोडेफार गैरसमज होतेही. पण भाडे वाढले म्हणून दर अकरा महिन्यांनी खोली बदलणारी बाई लसीच्या सत्राला कोणत्या अंगणवाडीत जाईल, हा प्रश्न फार कमी जणांनी विचारला.

यावर काय करायचे, हे कळायला नवे शास्त्र लागत नाही. लसीची आणि क्षयाच्या उपचाराची नोंद गावाला न चिकटता माणसाबरोबर चालली पाहिजे, आणि जिथे तो आहे तिथल्या केंद्राने ती पुढे चालवली पाहिजे. गाळप सुरू असेपर्यंत कारखान्याच्या परिसरातल्या केंद्राला वाढीव परिचारिका आणि वाढीव लस मिळाली पाहिजे. कोप्यांच्या तळावर शुद्ध पाणी आणि संडास असल्याची तपासणी झाल्याखेरीज गाळप परवाना देऊ नये. हेच शहरातल्या बांधकामांच्या मजूर तळांना लावावे. आणि पुनर्वसनाच्या इमारतींतले अंतर कमी करण्याची सवलत यापुढे कोणालाही देऊ नये.

यावर मला सरकारी बैठकांतून एक उत्तर हमखास मिळते: ही माणसे फिरती आहेत, त्यांची मोजदाद कशी करणार? याला माझे म्हणणे असे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुकादम गावागावांत उचल वाटतो. कोणत्या कोयत्याला किती रुपये दिले, जामीन कोण, तळ कुठे पडणार, याचा हिशेब त्याच्याकडे असतो, आणि मुकादमाचा करार कारखान्याकडे किंवा वाहतूकदाराकडे असतो. एकही नाव त्यातून सुटत नाही, कारण त्या नावावर पैसे गुंतलेले असतात. म्हणजे यादी आहे. माणसे निघण्याच्या दोन महिने आधीपासून ती तयार आहे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने ती ऑगस्टमध्ये मागून घ्यावी, त्यात प्रत्येक कोयत्याबरोबरच्या मुलांचे वय लिहून घ्यावे, कोणती गरोदर बाई कोणत्या महिन्यात आहे आणि कोणाचे क्षयाचे औषध चालू आहे ते लिहून घ्यावे, आणि बॉयलर पेटण्याच्या आत ती कारखान्याच्या गावातल्या केंद्रावर पोचवावी. पुढच्या हंगामाला अजून सात महिने आहेत.